हँड गिअरचा दोष आधी पेटीबाहेर शोधा

जुन्या पद्मिनीचा, अँबेसेडरचा किंवा महिंद्राच्या जीपचा गिअर पडेनासा झाला, टाकताना करकरू लागला किंवा चालता चालता निसटू लागला, की मालकाचा आणि पुष्कळदा मेकॅनिकचाही पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो. मग बॉक्स उतरवला जातो, टेबलावर खोलला जातो आणि तिथून पुढे गाडी कित्येक महिने गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहते, कारण आत लागणारा सुटा भाग नांदेडला मिळत नाही आणि लातूरलाही मिळत नाही. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. जुन्या गाडीच्या गिअरची तक्रार आधी पेटीबाहेर शोधली पाहिजे, आणि पेटी उतरवण्याचा निर्णय बाहेरच्या साऱ्या शक्यता तपासून संपल्यावरच घेतला पाहिजे. हा काटकसरीचा सल्ला नाही. गाडीची रचनाच तसे सांगते.

रचना अशी का आहे, हे थोडे इतिहासातून कळते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात फियाट 1100 ही इटालियन गाडी तयार होऊ लागली आणि तिचेच पुढचे रूप 1974 च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी या नावाने रस्त्यावर आले. इंजिन 1089 सीसीचे, पुढे चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला. आपल्याकडे त्याला हँड गिअर म्हणतात. अँबेसेडरची जुनी मॉडेल्सही हँड गिअरचीच होती. दांडा जमिनीवरून उचलून स्टेअरिंगच्या नळीवर नेण्याची पद्धत अमेरिकेत 1930 च्या दशकाच्या अखेरीस रुळली. तिचा हेतू सरळ होता. पुढचे सीट एकसंध बाकासारखे ठेवता यावे आणि ड्रायव्हरशेजारी दोन माणसे मोकळी बसावीत. एकाच गाडीत सारे घरदार बसवून लग्नाला किंवा तुळजापूरला निघणाऱ्या कुटुंबांना ही सोय किती मोलाची होती, हे वेगळे सांगायला नको. पण तिची किंमत मोजावी लागली. जमिनीवरचा दांडा थेट पेटीच्या डोक्यावर बसतो. हँड गिअरचा दांडा पेटीपासून लांब असतो. हाताची हालचाल नळीतून खाली, तिथून छोट्या लिव्हरकडे, तिथून सळयांकडे आणि शेवटी पेटीच्या बाजूच्या लिव्हरकडे पोचते. या वाटेवर जितके सांधे, तितक्या झिजण्याच्या जागा.

आता पेटीच्या आत काय असते ते पाहू, म्हणजे तिच्यावर कोणता आळ खरा आणि कोणता खोटा हे ठरवता येईल. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग एकमेकांत गुंतवायचे असतात. गती जुळली नाही तर दात दातांवर आदळतात. ही गती आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा कॅडिलॅकने 1928 मध्ये पहिल्यांदा मोटारीत बसवली. तिच्यात पितळी किंवा कांस्य रिंग गिअरच्या शंकूवर घासते, घर्षणाने दोघांची गती एक करते आणि मगच दातांना वाट देते. पद्मिनीच्या व अँबेसेडरच्या जुन्या चारगिअरी पेट्यांत ही सोय दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला आहे, पहिल्याला नाही. जुन्या विलीज जीपच्या तीनगिअरी टी-90 पेटीतही पहिला आणि रिव्हर्स असेच उघडे आहेत. म्हणून गाडी हळू चालत असताना दुसऱ्यातून पहिला टाकला आणि करकर आली, तर तो बिघाड नव्हेच. ती त्या पेटीची जातकुळी आहे. आजच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस वडिलांची जुनी गाडी चालवायला घेतो, गतिरोधकापाशी पहिला टाकतो आणि आवाज ऐकून पेटी गेली असे समजतो. त्याला मेकॅनिकची गरज नसते. गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकायचा, नाहीतर डबल क्लच करायचा, एवढेच त्याला कोणीतरी सांगायला हवे. डबल क्लच म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, पाय सोडून ॲक्सिलरेटरचा हलका झटका, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. जी गती सिंक्रो जुळवतो ती इथे ड्रायव्हर स्वतःच्या पायाने जुळवतो.

पेटीतले हे सारे भाग तेलात बुडालेले असतात, लोखंडी कवचाच्या आत असतात आणि धूळपाण्यापासून वाचलेले असतात. बाहेरचे सांधे उघड्यावर असतात. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारा रस्ता किंवा गोदाकाठच्या गावांना जोडणारे रस्ते आठवा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चेसिसखालच्या प्रत्येक सांध्याला चिकटतो, हिवाळ्यात वाळतो, आणि मुरमाची व खडीची बारीक कच त्यात अडकून राहते. ग्रीसमध्ये ही कच मिसळली की ती घासायच्या मलमासारखी काम करते आणि नायलॉनचा, रबराचा किंवा पितळेचा बुश खाऊन टाकते. वॉशिंग सेंटरवर जोरदार पाण्याने गाडी धुतली की उरलेले ग्रीसही जाते, आणि धुतल्यावर ग्रीसगन फिरवण्याची जुनी शिस्त आता फारशी पाळली जात नाही. बुश थोडाथोडाच झिजतो, पण ढिलाई साचत जाते. समजा वाटेवर पाच सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली आहे. एकूण अडीच मिलिमीटर झाली. पेटीतल्या लिव्हरला गिअर पुरता बसवण्यासाठी दहा मिलिमीटर सरकायचे असेल, तर हाताने पूर्ण ओढूनही ती साडेसातच सरकेल. गिअर पडल्यासारखा वाटेल, दात मात्र अर्धेमुर्धेच गुंतलेले असतील. चढावर जोर आला की तो निसटेल, आणि दोष पेटीवर जाईल.

हँड गिअरमध्ये दांडा दोन वेगळी कामे करतो. दांडा आपल्याकडे ओढला किंवा पुढे ढकलला की कोणत्या जोडीतला गिअर घ्यायचा ते ठरते, आणि वर-खाली केला की तो गिअर बसतो. निवडण्याच्या वाटेत ढिलाई आली तर दोन जोड्यांच्या मधोमध दांडा अडकतो. भरचौकात सिग्नल सुटल्यावर दांडा ना वर जातो ना खाली, ही हँड गिअरच्या मालकांची सर्वांत परिचित तक्रार याच जागी उगम पावते. बसवण्याच्या वाटेत ढिलाई आली तर गिअर निसटतो. लक्षणे वेगळी, सांधे वेगळे, पण दोन्ही पेटीबाहेरचे. त्यात भर इंजिनच्या गुटक्यांची. गॅरेजमध्ये ज्यांना फाउंडेशन म्हणतात ते रबरी गुटके इंजिन आणि पेटीचा भार तोलतात. पेटी इंजिनला जोडलेली असते आणि स्टेअरिंगची नळी बॉडीला. म्हणजे सळईचे एक टोक इंजिनसोबत हलते आणि दुसरे बॉडीसोबत. तेल गळून रबर मऊ पडले किंवा उन्हाने कडक होऊन बसले, की इंजिन जोर लावताना एका अंगाला कलते आणि सळईची जुळवणीच बदलते. उभ्या गाडीत सगळे गिअर नीट पडतात आणि चढावर एखादा निसटतो, असे दिसले तर सळयांना हात लावण्याआधी गुटके पाहावेत. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून क्लच किंचित सोडला की बाजूला उभ्या असलेल्या माणसाला इंजिनची उडी दिसते. कोणीही गाडीसमोर उभे राहू नये, हे मात्र कटाक्षाने पाळावे.

क्लचविषयी जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण गिअरच्या बदनामीत त्याचा वाटा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी ओळखला गेलेला आहे. पेडल पूर्ण दाबल्यावर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटली पाहिजे. ती जराशी जरी घासत राहिली, तरी इंजिन पेटीतला शाफ्ट फिरवत राहते आणि कोणताही गिअर सुखाने पडत नाही. न सुटण्याची कारणे अनेक. पेडलचा मोकळा खेळ वाढलेला असतो. सळई किंवा केबल झिजलेली असते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये मास्टर सिलिंडरचा किंवा खालच्या सिलिंडरचा वॉशर गेलेला असतो. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-3 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा 140 अंश धरली आहे. त्या ओलीने सिलिंडर आतून गंजतो आणि वॉशर कापला जातो. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांपुढे गेलेला असताना, सायलेन्सरच्या पाइपाशेजारून जाणाऱ्या नळीत असे जुने तेल असेल, तर सकाळी नीट पडणारा गिअर दुपारच्या गर्दीत अडू लागतो. आणखी एक कारण खास हौशी मालकांच्या गाड्यांत आढळते. दसऱ्याला पूजा, एखाद्या लग्नात मिरवणूक आणि उरलेले वर्ष ताडपत्रीखाली, अशा गाडीची क्लच प्लेट पावसाळी दमटपणाने गंजून फ्लायव्हीललाच चिकटते. पेडल दाबले तरी प्लेट सुटत नाही आणि गिअर काही केल्या पडत नाही. अशा गाडीची पेटी उतरवून खोलली तर आत काहीही वाईट सापडणार नाही.

दोष कुठे आहे ते ओळखायला महागडी यंत्रे लागत नाहीत, क्रम लागतो. आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहावेत. एखादा अडला तर गाडी इंचभर पुढेमागे ढकलून पुन्हा पाहावे, कारण थांबलेले दात कधीकधी समोरासमोर येतात. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर गुन्हेगार जवळजवळ नक्की क्लच आहे. खात्रीसाठी इंजिन आयडलवर ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. प्लेट खरोखर सुटली असेल तर तेवढ्या वेळात पेटीतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता बसतो. इतके थांबूनही करकर आली तर शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजे क्लच सुटत नाही. बंद इंजिनावरही गिअर अडत असेल तर सळयांकडे वळावे. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यावी, चाकांना ओट लावावी, इंजिन बंद ठेवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने खालून पाहावे. दांडा हलतो आणि सळई हलत नाही, असा जो सांधा दिसेल तोच दोषी. शेवटची परीक्षा निर्णायक आहे. सळया पेटीच्या लिव्हरपासून सोडवाव्यात आणि त्या लिव्हर हाताने सरकवून पाहाव्यात. प्रत्येक गिअर स्वच्छ, ठाम टक आवाज करत बसला तर पेटी निर्दोष आहे. या परीक्षेला एखादा पाना आणि अर्धा तास लागतो, आणि ती केल्याशिवाय कोणालाही पेटीचा एक बोल्टही सोडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मेकॅनिकच घेतील, आणि तो हलका नाही. गाडी चाळीस-पन्नास वर्षांची, पेटीतले बेअरिंग तितकेच जुने. आज ना उद्या खोलावीच लागणार, मग एकदाच सगळे पाहून का घेऊ नये? पेटीतले भाग झिजतात हे खरेच. पण खोलण्याचीही एक किंमत असते. इतकी वर्षे एकमेकांत रुळलेले गिअर, वॉशर आणि सुईसारखे रोलर पुन्हा त्याच जागी, त्याच क्रमाने बसले नाहीत तर जी पेटी कुरकुरत का होईना चालत होती, ती आवाज करू लागते. आणि बदली भाग आणायचा कुठून? पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. त्यानंतरही तिच्या भागांचा मोठा झरा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून वाहत होता. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. अँबेसेडर 2014 मध्ये थांबली. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे, तिथल्या बाजारात शोध जरूर घ्यावा, पण मिळणारी सिंक्रो रिंगही बहुधा दुसऱ्या जुन्या पेटीतून काढलेली असते. शिवाय या आक्षेपात क्रमाची चूक आहे. सुटत नसलेल्या क्लचवर रोज पहिला आणि रिव्हर्स दाबून टाकले की त्यांच्या दातांच्या कडा तुटतात. ढिल्या सळयांमुळे अर्धवट गुंतलेला गिअर वारंवार निसटला की दातांच्या कडा गोलावतात. बाहेरचा दोष तसाच ठेवून पेटी नवी केली, तरी तीही त्याच वाटेने जाईल.

याउलट बाहेरचे सारे भाग इथल्या इथे होऊ शकतात. नांदेड-लातूरमध्ये मोटारीचे कारखाने नाहीत, पण लेथवर काम करणारे हात भरपूर आहेत. लातूरच्या डाळ मिल आणि तेल गिरण्या, नांदेड भागातल्या जिनिंग-प्रेसिंग आणि दोन्हीकडचे साखर कारखाने यांच्या शाफ्ट-बुशांनी इथल्या टर्नरांना पिढ्यान्‌पिढ्या काम दिले आहे. पितळेचा किंवा नायलॉनचा बुश, झिजलेली पिन, ओव्हल झालेले भोक भरून पुन्हा नेमके करणे, ही त्यांची रोजची कामे आहेत. फक्त माप नीट द्यावे लागते. झिजलेल्या पिनवर नवा बुश बसवला तर ढिलाई निम्मीच जाते. म्हणून पिन आणि बुश दोन्ही जोडीने करावेत, आणि झिजलेल्या जागेऐवजी न झिजलेल्या टोकावरून माप घ्यावे. सिंक्रोची रिंग मात्र या लेथवर करू नये. तिचा शंकूचा कोन, आतले बारीक आटे आणि धातूची जात तिघेही नेमके लागतात, आणि एक जरी चुकले तरी ती घासण्याऐवजी घसरते.

दुसरा उपाय सुचवला जातो तो जाड तेलाचा. आवाज येतो ना, मग 90 ऐवजी 140 टाका. जाड तेलाने गिअरचा आवाज खरोखर दबतो, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण बेअरिंगची झीज त्याने थांबत नाही, तिची खबर तेवढी बंद होते. वर सिंक्रोच्या रिंगला शंकूवर पकड घेण्यासाठी मधले तेल पिळून बाहेर काढावे लागते, आणि जाड तेल लवकर निघत नाही. डिसेंबरातल्या पहाटे दुसरा गिअर रुसतो आणि गाडी तापल्यावर बरा पडतो, तर आधी पेटीत कोणते तेल आहे ते विचारावे. तेलाची प्रतही पाहावी. जीएल-5 प्रतीच्या काही तेलांतली गंधकयुक्त रसायने पितळी भागांना मानवत नाहीत, म्हणून पितळी सिंक्रोच्या जुन्या पेट्यांना जीएल-4 प्रत सुरक्षित मानतात. गाडीच्या मूळ पुस्तकात जो ग्रेड छापला आहे तो अखेरचा शब्द.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हँड गिअरची कटकटच नको, दांडा जमिनीवर घ्या, असे अनेक जण म्हणतात आणि करतातही. त्यामागे यांत्रिक तर्क आहे हे नाकारता येणार नाही. लांबलचक सळया गेल्या की त्यांचे सांधेही गेले. कंपन्यांनाही हे पटले होते. प्रीमियरची 1985 ची 118 एनई जमिनीवरच्या दांड्याची होती, आणि इसुझू इंजिनाच्या अँबेसेडरनेही तोच मार्ग घेतला. तरीही जुन्या गाडीत हा बदल मी सुचवणार नाही. तक्रार क्लचची असेल तर दांडा कुठेही नेला तरी गिअर अडणारच. त्याखेरीज फरशी कापावी लागते, पुढच्या सीटची बैठक बिघडते आणि घरगुती जोडकामाचा नवा सांधा मूळ सांध्याहून चांगला असेल याची खात्री नसते. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. पहिल्या पद्मिनी आता ते वय गाठत आहेत. कापलेली फरशी घेऊन या दाराशी जाणे शहाणपणाचे नाही.

पेटी उतरवणे कधीच योग्य नसते असे मात्र नाही. सळया सोडवून हाताने टाकलेला गिअरही बसत नसेल, क्लच नीट सुटत असूनही चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर करकरत असेल आणि डबल क्लच केल्यावर ती करकर थांबत असेल, किंवा तेल काढताना चुंबकाला पोलादाच्या चकत्या चिकटून येत असतील, तर दोष आत आहे आणि पेटी खोलायलाच हवी. तेव्हाही सुटे भाग हातात आल्यावरच गाडी गॅरेजला लावावी. खोलताना प्रत्येक वॉशरचा फोटो आणि क्रम टिपून ठेवायला मेकॅनिकला सांगावे. जुना बुश, जुनी पिन, जुनी रिंग भंगारात देऊ नये. नांदेड-लातूरमध्ये आज त्यांच्या मापाचा दुसरा नमुना मिळणे कठीण आहे, आणि पुढचा बुश त्यावरूनच करून घ्यावा लागेल.